पेण : शेजारच्या गावाचा जमाखर्च

निवृत्तीनंतर प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर दूरची ठिकाणे येतात. सम्मेदशिखरजी, पालिताणा, श्रवणबेळगोळ या यात्रा तर होतातच. त्याखेरीज मुले-सुना परदेशवारीचीही तिकिटे हाती ठेवतात. परंतु ज्या गावाचे पोहे वर्षभर आपल्या डब्यात असतात आणि ज्या गावची गणेशमूर्ती दर भाद्रपदात आपल्या इमारतीच्या मंडपात विराजमान होते, ते पेण आपल्यापैकी किती जणांनी उतरून पाहिले आहे? गोव्याला किंवा अलिबागला जाताना गाडीच्या काचेतून दिसलेली मूर्तींची दुकाने, एवढीच बहुतेकांची पेणची ओळख असते. आमच्या सीवूड्सपासून हे गाव जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही सहा मित्रमंडळी एस.टी.ने तेथे जाऊन आलो. तो वृत्तांत, आणि त्या निमित्ताने मनात आलेला थोडा हिशेब, वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचा हा गट सीवूड्समधील तलावाकाठच्या सकाळच्या फेरीत जमलेला आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्याकडे पाहत निवृत्तांच्या गप्पा रंगतात. गटात सत्त्याहत्तर वर्षांचे एक कापडाचे व्यापारी आहेत, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो. वाशीच्या मसाला बाजारात उभे आयुष्य काढलेले एक शेठ आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता आहेत, एक माजी मुख्याध्यापिका आहेत, आणि आम्ही पतिपत्नी. मोटारीने जाण्याचा प्रस्ताव काकांनीच मोडीत काढला. ‘‘मोटारीत बसलो की आपण रस्ता पाहतो. एस.टी.त बसलो की माणसे पाहतो,’’ असे त्यांचे म्हणणे पडले आणि ते सर्वानुमते मंजूर झाले.

लोकलने बेलापूरला आणि तेथून महामार्गावरील कोकण भवनच्या थांब्यावर आम्ही सकाळी साडेसातला उभे राहिलो. अलिबागकडे जाणारी गाडी फार वाट न पाहता मिळाली. वाहकाने तिकिटांचा हिशेब मांडला तेव्हा माझ्यातील बँक अधिकारी सुखावला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. म्हणून काकांचे भाडे शून्य. पासष्ट ते पंचाहत्तर या वयातील ज्येष्ठांना निम्मे भाडे. म्हणून शेठ आणि अभियंता यांचे मिळून एक. मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे. म्हणून दोघी भगिनींचे मिळून एक. पूर्ण तिकीट काढणारा मी एकटाच, कारण माझे वय चौसष्ट! सहा माणसे तीन तिकिटांत पेणला निघाली. दिनांक १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून या लाल गाडीने महाराष्ट्राच्या गावोगावच्या बाजारपेठा एकमेकींना जोडल्या. व्यापाऱ्यांच्या जुन्या पिढीने मालाचे नमुने आणि वसुलीच्या वह्या याच गाडीतून नेल्या-आणल्या. काका तरुणपणी कापडाचे गठ्ठे घेऊन अशाच गाड्यांतून कोकणात फिरलेले. कोणत्या गावचा दुकानदार पैसे वेळेवर देई आणि कोणता पुढची तारीख देई, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे.

पनवेल ओलांडून पळस्पे फाट्यावरून गाडी गोव्याच्या रस्त्याला लागली. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि पुढे किती रखडले, हे कोकणात जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. मात्र पेणपर्यंतचा प्रवास आता सुसह्य झाला आहे. वाटेत शिरढोण लागले. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी याच गावी झाला. पुढे कर्नाळ्याचा घाट आला. १९६८ साली घोषित झालेल्या या पक्षी अभयारण्यावर कर्नाळा किल्ल्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी हे सारे अशा रीतीने सांगितले की पुढच्या आसनावरील दोन महाविद्यालयीन मुलीही मागे वळून ऐकू लागल्या. खारपाड्याचा पूल येताच पाताळगंगेचे रुंद पात्र दिसले आणि पेण तालुक्याची हद्द सुरू झाली. तेथून पुढे हमरापूर, जोहे या गावांचा परिसर लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली रांगेने ठेवलेल्या पांढऱ्या, रंगहीन मूर्ती दिसू लागल्या.

ज्याला आपण ‘पेणचा गणपती’ म्हणतो, तो केवळ पेण शहरात घडत नाही. शहरात देवधर घराण्यासारखी पिढ्यान्पिढ्या ही कला जोपासणारी घरे आहेत. तसेच हमरापूर, जोहे आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी कारखाने आहेत. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यानंतर मूर्तींची मागणी वाढत गेली. मुंबई-पुण्याच्या मधोमध, बंदराच्या आणि रस्त्याच्या सोयीचे असलेले पेण या मागणीचे केंद्र बनले. आज येथील मूर्ती महाराष्ट्रभर तर जातातच. पण परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी पावसाळ्याच्या पुष्कळ आधीच त्या जहाजाने रवाना होतात.

पेणच्या स्थानकावर उतरून प्रथम नाश्ता केला. स्थानकाजवळच्या एका साध्या उपाहारगृहात शेठनी विचारले, ‘‘कांदा-बटाटा न घालता पोहे मिळतील का?’’ मालक हसून म्हणाले, ‘‘शेठ, पोहे आमचे आहेत. कांदा लोकांनी नंतर घातला.’’ ओल्या खोबऱ्याचा कीस, कोथिंबीर आणि लिंबू एवढ्यावर आलेले ते गरम पोहे इतके चविष्ट होते की नेहमी कांदा खाणाऱ्यांनाही त्याची आठवण झाली नाही. 

नाश्त्यानंतर पोह्यांची गिरणी पाहिली. भात भिजत घालायचे, निथळायचे, भट्टीत तापलेल्या वाळूत भाजायचे, आणि गरम असतानाच यंत्राखाली चेपायचे. भाजणे थोडे कमी झाले तर पोहा चिवट होतो, अधिक झाले तर त्याचा चुरा होतो. गिरणीतील वयस्क कामगार मूठभर भात हातात घेऊन केवळ स्पर्शाने भट्टी सांभाळीत होते. शेठनी तेथेच व्यापारी प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. भात कोठून येते? किती टिकते? उधारी किती दिवसांची? उत्तरांवरून कळले की आता भाताचा बराच भाग बाहेरून येतो, कारण भोवतालची शेती घटत चालली आहे.

ती का घटते, याचे उत्तर आमच्या अभियंता मित्राने दिले. पेणच्या पश्चिमेला खाडीलगतचा जो सखल प्रदेश आहे त्याला खारेपाट म्हणतात. समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि ते जपायचे, हीच तेथील शेतकऱ्यांची पिढीजात झुंज. बांध फुटला की जमीन खारी होते आणि काही वर्षे पीक येत नाही. दुसरीकडे याच तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईतील सिडकोच्या वसाहतींना मिळते. आम्हा सीवूड्सवासीयांना मोरबे धरणाचे पाणी येते. परंतु खारघर, उलवे येथे राहणारे आपले अनेक समाजबांधव हेटवण्याचेच पाणी पितात. खारेपाटातील कित्येक गावांत मात्र उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची ओढाताण ठरलेली. या भागात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे लाभक्षेत्रातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले होते. ‘‘धरण आमच्या तालुक्यात आहे, तर कालव्याचे पाणी आमच्या शेतात येऊ द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते,’’ असे सांगून अभियंता क्षणभर गप्प झाले. आयुष्यभर ज्यांनी पाण्याचे वाटप कागदावर मांडले, त्यांचे ते गप्प होणे आम्हा सर्वांना बोलके वाटले.

दुपारपूर्वी एका मूर्तिकारांच्या कारखान्यात गेलो. ते आणि त्यांचे वडील अशा दोन पिढ्या एकाच छपराखाली काम करीत होत्या. एका बाजूला शाडूची माती कालवून मळली जात होती. दुसऱ्या बाजूला प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती रबरी साच्यांतून निघत होत्या. शाडू येतो गुजरातेतून, भावनगरच्या परिसरातून. प्लास्टर येते राजस्थानातून, बिकानेरकडून. हे ऐकून आमच्या काकांना मौज वाटली. ते म्हणाले, ‘‘म्हणजे आपल्या लोकांची दोन्ही माहेरे इथे एकाच अंगणात नांदतात.’’ 

पण त्या अंगणातच आज मोठा पेच उभा आहे. प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नाही. रंगांतील रसायने नदी-तलावातील जीवांना घातक ठरतात. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून अशा मूर्तींना मनाई केली. अंमलबजावणी लांबत गेली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी काटेकोरपणे पाळण्याचे आदेश दिले, तेव्हा पेण परिसरात हलकल्लोळ माजला. कारण त्या वर्षीच्या मूर्ती घडविण्याचे काम केव्हाच सुरू झाले होते. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मूर्ती बनविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, परंतु नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनास परवानगी दिली नाही. पुढे जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करावे असे ठरले. सहा महिन्यांत तीन वळणे! कारखानदाराने भांडवल कशात गुंतवावे?

हा प्रश्न मी मूर्तिकारांना विचारला. त्यांचे उत्तर ऐकताना मला माझ्या नोकरीतील कर्ज विभागाची खुर्ची आठवली. त्यांच्या धंद्याचे चक्र असे. काम जवळजवळ बारमाही. विक्री मात्र भाद्रपदाच्या आधीच्या काही आठवड्यांत. माती, साचे, रंग, मजुरी यांचा खर्च रोजचा. पैसा हाती येतो वर्षातून एकदा. म्हणून कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती आधी विकून थोडी रोकड उभी करायची आणि उरलेल्यांवर रंगकाम व डोळ्यांची आखणी करायची. प्लास्टरची मूर्ती काही मिनिटांत घट्ट होते. ती हलकी असते आणि वाहतुकीत फारशी तुटत नाही. शाडूची मूर्ती सावलीत दिवसेंदिवस सुकवावी लागते. पावसाळी हवेत सुकणे आणखी लांबते. ती जड असते, ठिसूळ असते आणि तिला जागा अधिक लागते. त्याच वेळात, त्याच छपराखाली, शाडूच्या मूर्ती फार थोड्या तयार होतात. ‘‘साहेब, मला शाडू नको असे नाही. माझ्या आजोबांनी शाडूशिवाय दुसरे काही हाताळले नाही,’’ मूर्तिकार म्हणाले. ‘‘पण गिऱ्हाईक श्रावणात येते, शाडूची मोठी मूर्ती मागते आणि भाव प्लास्टरचा करते. मग मी काय करू?’’

त्यांचे वृद्ध वडील त्या वेळी एका लहान मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करीत होते. पेणच्या मूर्तीची कीर्ती या आखणीवरच उभी आहे. हात टेकविल्याशिवाय, एका श्वासात, पापणीची रेघ ओढावी लागते. त्यांनी मान वर न करता सांगितले, ‘‘माती कुठलीही असो, डोळा हातानेच काढावा लागतो. मुलगा माझ्याकडून शिकला. नातवाला बंदरावर नोकरी हवी आहे.’’ त्या वाक्यात तक्रार नव्हती, पण आमच्यापैकी प्रत्येकाला आपापले घर आठवले असावे. काकांच्या पेढीवर आज त्यांचा मुलगा बसत नाही. शेठच्या गाळ्याचे काय होणार, हा प्रश्न त्यांच्या घरी रोज निघतो. व्यापार असो वा कला, पुढची पिढी तेथेच थांबते जेथे तिला पुढच्या वर्षाची शाश्वती दिसते.

बाहेर आल्यावर शेठ आणि काका यांच्यात थोडा वाद झाला. काकांचे मत असे की पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा टाळणे हे आपले कर्तव्यच आहे. बंदी योग्य होती आणि ती टिकायला हवी होती. शेठ म्हणाले, ‘‘जीवदयेचा हिशेब मांडताना या माणसाच्या चुलीचा हिशेब सोडून कसे चालेल? ज्याची उपजीविका एका आदेशाने बंद पडते, त्यालाही दया हवी.’’ मुख्याध्यापिकाबाईंनी मध्यस्थी केली. त्या म्हणाल्या, ‘‘दोघेही बरोबर आहात, पण दोघेही न्यायालयाकडे पाहत आहात. गिऱ्हाईक कोण आहे? आपणच ना?’’ हा मुद्दा मला पटला. मूर्तिकार शाडूकडे वळण्यास तयार आहे. अडते ते वेळेवर आणि भांडवलावर. तो वेळ आणि ते भांडवल गिऱ्हाईक देऊ शकते. आपली मंडळे आणि गृहसंस्था यांनी श्रावणाऐवजी माघ-फाल्गुनातच शाडूच्या मूर्तीची मागणी नोंदवून निम्मी रक्कम आगाऊ दिली, तर मूर्तिकाराला सावकाराकडून पैसा उचलावा लागणार नाही, सुकवण्यास कोरडा उन्हाळा मिळेल, आणि किती मूर्ती घडवायच्या हेही त्याला कळेल. मूर्ती एक-दोन हात लहान घेतली तर भावही आवाक्यात राहील. हंगामी धंद्यात आगाऊ मागणीला रोकडीइतकेच मोल असते, हे आपणा व्यापारी वाचकांना मी वेगळे सांगावयास नको. आपल्यापैकी पुष्कळ जण मंडळांच्या वर्गणीपुस्तकात पहिल्या पानावर असतात. त्या पहिल्या पानाचा अधिकार वापरून एवढी सूचना करता येईल.

दुपारचे जेवण झाल्यावर बाजारपेठेत फेरफटका मारला. उडदाचे पापड, पोह्यांची मिरगुंडे, कडवे वाल यांची खरेदी झाली. पापडांच्या मागेही येथील स्त्रियांचे मोठे कष्ट आहेत. सकाळी पीठ आणि संध्याकाळी मोजून दिलेले पापड, अशा रोजच्या व्यवहारावर अनेक घरे उभी राहिली आहेत. माझ्या पत्नीने एका दुकानात भाव कमी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी तिचा हात हळूच दाबला. भाव न करता पैसे दिले गेले.

वेळेअभावी एक ठिकाण राहून गेले, त्याचा उल्लेख मात्र केला पाहिजे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. भूदानासाठी देशभर पायी फिरलेल्या या महापुरुषाचे जैन समाजावर एक मोठे ऋण आहे. भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण शताब्दीच्या सुमारास, सर्व जैन संप्रदायांना मान्य होईल असा एक सारग्रंथ असावा, असा आग्रह विनोबांनी धरला. त्यातूनच जिनेंद्र वर्णीजींच्या परिश्रमाने ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, महावीर निर्वाणाच्या म्हणजे दीपावलीच्याच दिवशी, अन्नपाण्याचा त्याग करून विनोबांनी पवनार येथे देह ठेवला. ज्यांनी आपल्या चारही संप्रदायांना एका ग्रंथाभोवती बसविले, त्यांचे जन्मगाव आपल्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर आहे. पुढील सहल गागोद्याची, असा ठराव आम्ही स्थानकावरच केला.

काका व शेठ यांना सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून भोजन करायचे असल्याने तीनची गाडी धरली. गाडीत गर्दी होती. एका तरुणाने उठून काकांना जागा दिली. तो उलव्याला राहणारा, पेणला एका दुकानात हिशेब लिहिणारा मुलगा निघाला. बोलता बोलता म्हणाला, ‘‘आमच्या सोसायटीत हेटवण्याचे पाणी येते, आणि माझ्या आत्याच्या गावाला, शिर्कीला, टँकर येतो.’’ अभियंत्यांनी सकाळी जे सांगितले होते, तेच त्याने एका वाक्यात सांगितले.

बँकेत असताना दर वर्षअखेरीस खाते जुळवावे लागे. पेणच्या बाबतीत आपल्या नवी मुंबईचे खाते मांडून पाहिले, तर आपल्या बाजूला घेणे पुष्कळ दिसते : पाणी, पोहे, पापड, मूर्ती, आणि आता तेथील तरुणांचे श्रमही. देण्याच्या रकान्यात मात्र फारसे काही नाही. धरणाच्या पाण्याचा निर्णय आपल्या हाती नाही, हे खरे. पण घरातील नळ वेळीच बंद करणे, मूर्तीची मागणी वेळेवर नोंदविणे, पापड-पोहे घेताना कष्टांचा योग्य भाव देणे, एवढे तर आपल्या हाती निश्चित आहे. वाचकांनी आपल्या मित्रमंडळींसह एखाद्या सकाळी कोकण भवनच्या थांब्यावर उभे राहावे. ज्येष्ठांनी आधार कार्ड सोबत ठेवावे, पाण्याची बाटली घ्यावी आणि खरेदीसाठी एक रिकामी कापडी पिशवी न्यावी. माघ ते चैत्र हा काळ उत्तम; कारखान्यांत गर्दी नसते, मूर्तिकाराला बोलण्यास सवड असते, आणि मूर्तीची मागणी नोंदविण्याचीही तीच योग्य वेळ आहे. आमच्या इमारतीची नोंद आम्ही करून आलो : शाडूची, दीड फुटांची एक मूर्ती, निम्मी रक्कम आगाऊ.